शून्य रोधाचा ॲमीटर

बारावीला गॅल्व्हनोमीटरचे ॲमीटरमध्ये रूपांतर शिकवताना फळ्यावर एक वाक्य हमखास लिहिले जाते : आदर्श ॲमीटरचा रोध शून्य असतो. वर्गात एखादा तरी चौकस विद्यार्थी असतोच. तो विचारतो, रोध शून्य म्हणजे दोन टोकांमधले विभवांतर शून्य, विभवांतर शून्य म्हणजे खर्च होणारी शक्ती शून्य. मग काटा हलतो कशाच्या जोरावर? बहुतेक वेळा आपण ‘आदर्श म्हणजे प्रत्यक्षात नसलेला’ असे सांगून पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

तसे वळण्याची खरे तर गरज नाही. ज्याचा रोध शून्याच्या अगदी जवळ जातो असा ॲमीटर विसाव्या शतकात प्रत्यक्ष तयार झाला आणि त्याने काटा हलवायची ऊर्जा कोठून आणली याचे उत्तर फार गमतीचे आहे. पण तेथपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. त्यात समुद्रतळाच्या तारेवरून झालेले भांडण आहे, काही केल्या स्थिर न राहणारा आरसा आहे आणि बेडकाचा स्नायूही आहे.

सुरुवात १८२० पासून करू. त्या वर्षी ओरस्टेड यांना विद्युतधारेजवळ होकायंत्राची सुई हलताना दिसली. त्याच वर्षी श्वायगर यांनी तारेचे अनेक वेढे घेऊन हा परिणाम वाढवला आणि धारा मोजण्याचे साधन हाती आले. पुढची तीसेक वर्षे या साधनात लहानमोठ्या सुधारणा होत राहिल्या. त्याची खरी कसोटी लागली ती अटलांटिक महासागरात.

ऑगस्ट १८५८ मध्ये आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया आणि पलीकडचे न्यूफाउंडलंड यांना जोडणारी तार समुद्रतळावर टाकून झाली. तीन हजार किलोमीटरहून लांब अशी ही तार म्हणजे मध्ये तांब्याचा गाभा, भोवती गटापर्चाचे आवरण आणि बाहेर खारे पाणी. रचना नीट पाहिली तर हे एक प्रचंड धारित्रच आहे. एका टोकाला घट जोडला की आधी हे धारित्र भारित होत राहते आणि दुसऱ्या टोकाला धारा अतिशय सावकाश वाढते. ठळक टिंब म्हणून पाठवलेला संदेश पलीकडे पसरट, दुबळ्या लाटेसारखा पोहोचतो.

यावर उपाय काय, याबद्दल दोन मते होती. कंपनीचे विद्युत्-तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे डॉक्टर. त्यांचे म्हणणे असे की पलीकडे धारा कमी पोहोचते ना, मग अलीकडून जोर वाढवा. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांचे म्हणणे नेमके उलटे होते : दाब कमीच ठेवा, पलीकडे मोजणारे साधन नाजूक करा. त्यासाठी त्यांनी आरशाचा गॅल्व्हनोमीटर तयार केला होता. एक चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले बारीक चुंबक, सगळे मिळून गुंजभरही वजन नाही, आणि ते रेशमाच्या एका धाग्याने वेटोळ्याच्या मध्यभागी टांगलेले. आरशावर दिव्याचा झोत टाकायचा आणि दूर ठेवलेल्या मोजपट्टीवर प्रकाशाचा ठिपका पाहायचा. आरसा केसभर वळला तरी ठिपका बोटभर सरकतो. प्रकाशकिरणाचा हा काटा कितीही लांब केला तरी त्याला वजन नाही.

राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश या तारेवरून जायला सुमारे सोळा तास लागले. तारेत मुळात दोष होतेच. त्यात व्हाइटहाउस यांनी मोठमोठी प्रवर्तन वेटोळी वापरून सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला आणि काही आठवड्यांतच तार मुकी झाली. पुढे चौकशी झाली, थॉमसन यांची बाजू उचलून धरली गेली आणि १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने टाकलेली तार टिकली. आदल्या वर्षी समुद्रात तुटून पडलेली तारही शोधून पुरी करण्यात आली. म्हणजे आता दोन तारा झाल्या. त्यांची न्यूफाउंडलंडकडची टोके एकमेकांना जोडून लॅटिमर क्लार्क यांनी एक प्रयोग केला. त्यांनी शिवताना बोटात घालतात ते चांदीचे अंगुस्तान घेतले, त्यात आम्लाचे थेंब टाकले, जस्ताचा तुकडा बुडवला आणि एवढ्याशा घटाची धारा महासागर ओलांडून परत आणली. व्हॅलेन्शियाच्या गॅल्व्हनोमीटरवर ठिपका स्पष्ट सरकला. दोन हजार व्होल्ट आणि एक अंगुस्तान. भांडणाचा निकाल याहून नेटका लागू शकला नसता. (याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई आणि एडन यांच्यामध्येही तार टाकली. मुंबईतून सुएझमार्गे इंग्लंडशी थेट बोलता येऊ लागले ते त्यानंतर.)

येथून पुढे साठेक वर्षे एकच ध्यास होता : गॅल्व्हनोमीटर आणखी नाजूक करायचा. १८८२ मध्ये द’आर्सोंवाल यांनी चुंबक स्थिर ठेवून वेटोळेच टांगले. आपल्या शाळेतला टेबल-गॅल्व्हनोमीटर याच घराण्यातला. धागे बारीक झाले, आरसे हलके झाले, मोजपट्ट्या लांब गेल्या. याला शेवट असेल असे कोणाला वाटत नव्हते.

न थांबणारा आरसा

१९२५ मध्ये हॉलंडमधील मोल आणि बुर्गर यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. पहिल्या गॅल्व्हनोमीटरच्या आरशावरून परतलेला झोत मोजपट्टीवर न टाकता त्यांनी एका नाजूक उष्मायुग्मावर टाकला. आरसा किंचित वळला की उष्मायुग्माच्या दोन सांध्यांवरचा प्रकाश कमीजास्त होतो, त्यातून धारा निर्माण होते, आणि ही धारा दुसऱ्या गॅल्व्हनोमीटरला द्यायची. पहिल्याचे विचलन सुमारे शंभरपटीने मोठे होऊन दुसऱ्यावर दिसे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दुसऱ्या काट्याला हलवणारी ऊर्जा मूळ धारेची नव्हे, ती दिव्याची आहे. विवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर म्हणतात तो हाच. त्याला इलेक्ट्रॉनिकीच लागते असे नाही.

पण या जोडीने एक नवीच डोकेदुखी आणली. पहिल्या गॅल्व्हनोमीटरला काहीही जोडलेले नसतानासुद्धा दुसऱ्याचा ठिपका कधी स्थिर बसेना. तो सतत, अनियमितपणे, थोडा इकडे थोडा तिकडे करत राही. रस्त्यावरची रहदारी, जमिनीचे सूक्ष्म कंप असा संशय साहजिकच घेतला गेला.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, स्वीडनचे गुस्ताव्ह इसिंग यांनी गणित मांडून दाखवले की दोष इमारतीचा नाही. (रेषीय त्वरकाची कल्पना १९२४ मध्ये मांडणारे इसिंग ते हेच.) टांगलेला आरसा हा हवेच्या आणि वेटोळ्याच्या तापमानाशी समतोलात असलेला एक कणच आहे, फक्त जरा मोठा. पाण्यातले परागातील कण जसे नाचत राहतात तसा आरसाही नाचणार. त्याच्या वळण्याच्या गतीला सरासरी जी औष्णिक ऊर्जा मिळते ती नेहमीच्या तापमानाला २ × १०⁻²¹ जूल इतकी असते. ही रक्कम हास्यास्पद वाटावी एवढी लहान आहे, परंतु मोल आणि बुर्गर यांच्या ठिपक्याची थरथर जवळपास तेवढीच भरली. धागा कितीही चांगला घ्या, खोली कितीही शांत ठेवा, ही थरथर जाणार नाही.

जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जे. बी. जॉन्सन निर्वात नळ्यांच्या विवर्धकांतला खरखराट तपासत होते. नळीतून इलेक्ट्रॉन सुटे सुटे जात असल्यामुळे धारेत चढउतार असणार हे शॉट्की यांनी १९१८ मध्येच सांगितले होते. जॉन्सन यांना मात्र आढळले की खरखराटाचा एक भाग नळीतून येतच नाही, तो नळीच्या तोंडाशी जोडलेल्या साध्या रोधातून येतो. त्यांनी कार्बनचा तंतू लावून पाहिला, मिश्रधातूची तार लावली, मोरचूदाचे द्रावण लावले, मिठाचे पाणी लावले. पदार्थ कोणताही असो, खरखराट फक्त रोध किती आणि तापमान किती यांवरच ठरत होता. त्याचे कारण हॅरी नायक्विस्ट यांनी सांगितले आणि दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. (जॉन्सन आणि नायक्विस्ट दोघेही जन्माने स्वीडिश, या प्रकरणात स्वीडनने जरा जास्तच भाग घेतलेला दिसतो.)

नायक्विस्ट यांच्या सूत्रातून निघणारा एक निष्कर्ष शिकवताना आवर्जून सांगण्यासारखा आहे, कारण तो पहिल्या ऐकण्यात उलटा वाटतो. रोध चौपट केला की त्याच्या टोकांमधला खरखराट, व्होल्टमध्ये मोजला तर, दुप्पट होतो. पण आपल्याला मोजायची आहे ती धारा. तीच धारा चौपट रोधातून गेली की विभवांतर चौपट मिळते. म्हणजे खरखराट दुप्पट आणि उपयोगी संकेत चौपट. तेव्हा अगदी सूक्ष्म धारा स्वच्छ मोजायची असेल तर रोध जितका मोठा तितका चांगला. आकड्यांत पाहू. सेकंदाच्या हजाराव्या भागात होणारे बदल टिपायचे असतील, तर १० मेगाओहमच्या रोधाचा स्वतःचा खरखराट सुमारे १.३ पिकोअँपिअर धारेएवढा भरतो. १० गिगाओहम, म्हणजे एक हजार कोटी ओहम, घेतले तर तो ०.०४ पिकोअँपिअरवर उतरतो. (पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग, तरीही त्यात सेकंदाला ६२ लाख इलेक्ट्रॉन जातात.)

आता पेच लक्षात आला असेल. पाठ्यपुस्तक म्हणते ॲमीटरचा रोध शून्य हवा. नायक्विस्ट म्हणतात रोध हजार कोटी ओहम हवा. आणि मोठ्या रोधाला अटलांटिकच्या तारेचाच जुना आजार जडतो. मीटरभर लांबीच्या जोडतारेची धारिता १०० पिकोफॅरड धरली, तर १० गिगाओहममधून ती भारित व्हायला सेकंदाच्या घरात वेळ लागतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात घडून गेलेली गोष्ट मग दिसणार कशी?

नदी ओलांडताना

हा पेच सोडवणारी कल्पना धारा मोजणाऱ्यांकडून आली नाही, ती टेलिफोनवाल्यांकडून आली. लांब पल्ल्याच्या तारेवर ठराविक अंतरावर विवर्धक बसवावे लागत आणि प्रत्येक विवर्धक आवाज थोडा विद्रूप करी. नळ्या जुन्या झाल्या, घटाचा दाब बदलला की विवर्धनाचा आकडाही बदले. अशा अनेक विवर्धकांतून गेल्यावर ओळखीचा आवाज ओळखू येईनासा होई. बेल प्रयोगशाळेतील हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता काही वर्षे याच प्रश्नाशी झगडत होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना त्याला उत्तर सुचले आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने आकृती काढून गणित मांडले. विवर्धन हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त ठेवायचे आणि बाहेर पडणाऱ्या संकेताचा ठराविक हिस्सा उलटा करून परत आत द्यायचा. बाहेर काही चूक झाली की तीच उलटी होऊन आत येते आणि स्वतःला खोडते. विवर्धन फार घटते, पण जे उरते ते नळ्यांवर अवलंबून राहत नाही, फक्त परत देणाऱ्या रोधांवर राहते. याला ऋण पुनर्भरण म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. मुद्दाम मिळवलेले विवर्धन मुद्दाम घालवायचे हे लोकांना इतके विचित्र वाटले की १९२८ मध्ये केलेल्या अर्जावर अमेरिकेतले एकस्व मिळायला १९३७ उजाडले. ब्रिटिश कचेरीने तर या अर्जाला अखंड चालणाऱ्या यंत्राच्या पंक्तीला बसवले होते.

आता ही कल्पना धारेला लावून पाहू. विवर्धकाचे प्रवेशटोक आणि निर्गमटोक यांच्यामध्ये आपला मोठा रोध जोडा. मोजायची धारा प्रवेशटोकाशी आणून सोडा. विवर्धक स्वतः आत धारा घेत नाही असे धरू. धारा आली की प्रवेशटोकाचे विभव किंचित वाढू लागते. लगेच निर्गमटोकाचे विभव त्याच्या लाखपट, पण उलट दिशेने, खाली जाते. त्यामुळे आलेली सगळी धारा रोधातून तिकडे ओढली जाते आणि प्रवेशटोक होते तेथेच, शून्य विभवाच्या जवळ, राहते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की धारा थेट जमिनीत गेली. तिला अडथळा जाणवतो तो रोध भागिले विवर्धन एवढाच. रोध १ मेगाओहम आणि विवर्धन एक लाख असेल तर फक्त १० ओहम! इकडे निर्गमटोकाशी मात्र धारा गुणिले पूर्ण रोध एवढे विभवांतर तयार असते. एक पिकोअँपिअर आणि १० गिगाओहम असतील तर १० मिलिव्होल्ट. साधा व्होल्टमीटर ते दाखवतो.

चौकस विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. काटा हलवतो तो विवर्धकाचा घट. जोडतारेच्या धारितेचा त्रासही जातो, कारण जिचे विभव बदलतच नाही तिला भारित करावे लागत नाही. अर्थात कागदावर हे सोपे. प्रत्यक्षात वेगवान बदलांना विवर्धन कमी मिळते, आणि रोधाच्या दोन टोकांमध्येही पिकोफॅरडच्या दहाव्या भागाएवढी धारिता लपलेली असते. १० गिगाओहमबरोबर तेवढीही संकेताला मिलिसेकंदाने रेंगाळवते. चांगल्या मंडलांत या रेंगाळण्याची भरपाई करणारा वेगळा टप्पा जोडावा लागतो. अशा मंडलांची बहुतेक कारागिरी या असल्या बारीकसारीक गोष्टींतच खर्ची पडते.

‘ऑपरेशनल ॲम्प्लिफायर’ हे नाव १९४७ मध्ये रागाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधातून रूढ झाले. तेव्हा ते नळ्यांचे होते आणि बेरीज-वजाबाकी करणाऱ्या सदृश संगणकांसाठी होते. १९६५ मध्ये बॉब विडलार यांची ७०९ आणि १९६८ मध्ये डेव्ह फुलागर यांची ७४१ ही सिलिकॉनची चकती आली आणि विवर्धक हा सुटा भाग म्हणून दुकानात मिळू लागला.

पेशीच्या पडद्यात काय आहे

याच कल्पनेने जीवशास्त्रातला एक मोठा प्रश्न सोडवला. प्लिमथच्या किनाऱ्यावर हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर काम केले. हा तंतू अर्ध्या मिलिमीटरइतका जाड असतो, म्हणून त्यात तारा घालता येतात. पडद्याचे विभव पुनर्भरणाने एका जागी खिळवून ठेवायचे आणि त्यासाठी विवर्धकाला किती धारा द्यावी लागते ते मोजायचे. तेवढीच धारा पडद्यातून जात असली पाहिजे. ही पद्धत अमेरिकेत केनेथ कोल यांनी १९४७ मध्ये सुरू केली होती. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी चेतासंदेशाचे पूर्ण गणित मांडले आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ही सगळी धारा लक्षावधी ठिकाणांहून मिळून येणारी. एकेका ठिकाणी काय घडते? आयनांसाठी पडद्यात दारे आहेत का, आणि ती एकदम उघडतात-मिटतात की हळूहळू? काट्झ आणि मिलेडी यांनी १९७० च्या सुमारास एक हुशार वळसा घेतला. त्यांनी स्नायूच्या पडद्यातल्या खरखराटाचाच अभ्यास करून एका दारातून किती धारा जात असेल याचा अंदाज बांधला. आकडा पिकोअँपिअरच्या घरातला निघाला. तरी तो अंदाजच होता, दार कोणी पाहिलेले नव्हते.

जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे एर्विन नेहेर आणि बेर्ट साकमान यांनी ठरवले की मोठ्या पडद्याऐवजी त्याचा एक ठिपकाच वेगळा काढायचा. काचेची नळी तापवून ओढून तिचे टोक सुमारे एक मायक्रॉनचे केले, त्यात खारे द्रावण भरले, ते बेडकाच्या स्नायुतंतूवर टेकवले आणि नळीतली तार वर सांगितलेल्या विवर्धकाला जोडली. १९७६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आलेखात धारा सपाट रेषेवरून एकदम पायरीसारखी काही पिकोअँपिअर बदलते, काही काळ तशीच राहते आणि एकदम परत येते. मधल्या उंच्या नाहीत. दार उघडे किंवा बंद.

विवर्धक तर चांगला होता, तरी आलेख अजून केसाळ दिसत होता. दोष होता काच आणि पडदा यांच्यातल्या फटीत. फटीचा रोध फार तर ५० मेगाओहमच्या आसपास, आणि जॉन्सन यांनी मिठाच्या पाण्याबद्दल दाखवले तेच येथे लागू होते. फट हाही एक रोध आहे आणि तोही खरखरतो. गणित केले तर एवढ्या रोधाचा खरखराट अर्ध्या पिकोअँपिअरहून जास्त येतो. १९८० मध्ये नेहेर यांच्या ध्यानात आले की नळी नवी, अगदी स्वच्छ असेल आणि आतून जरासे ओढून घेतले, तर पडदा काचेला असा चिकटतो की फटीचा रोध एकदम गिगाओहममध्ये जातो. अनेक प्रयोगशाळांत हे ओढणे रबरी नळी तोंडात धरूनच केले जाई. ५० मेगाओहमचे १० गिगाओहम झाले म्हणजे खरखराट चौदापट उतरला. १९८१ मध्ये हॅमिल, मार्टी, नेहेर, साकमान आणि सिगवर्थ या पाच जणांनी पद्धतीचे आणि मंडलाचे तपशील एकत्र छापले, आणि थोड्याच वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळा त्याप्रमाणे काम करू लागल्या. १९९१ चे शरीरक्रियाशास्त्राचे नोबेल नेहेर आणि साकमान यांना मिळाले. ३ पिकोअँपिअरची पायरी मिलिसेकंदभर टिकली तर तेवढ्यात एका रेणूच्या दारातून सुमारे १९ हजार आयन गेलेले असतात. १९९६ मध्ये अशाच एका छिद्रातून डीएनएचा धागा ओढून घेताना धारा कशी अडते हे मोजून दाखवण्यात आले. आज त्यावर आधारलेली डीएनए वाचणारी यंत्रे बाजारात आहेत.

शाळेत पिकोअँपिअर मोजता येणार नाहीत, पण नॅनोअँपिअर नक्की येतात. टीएल ०७१ ही विवर्धकाची चकती, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, १० मेगाओहमचा एक रोध आणि एक लाल एलईडी एवढे सामान लागते. रोध चकतीच्या ऋण प्रवेशटोकापासून निर्गमटोकापर्यंत जोडा. धन प्रवेशटोक दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडाला, म्हणजे जमिनीला, जोडा. एलईडी ऋण प्रवेशटोक आणि जमीन यांच्यामध्ये. एलईडीवर उजेड पडला की तो चिमुकल्या सौरघटासारखा वागतो. निर्गमटोकाशी लावलेला मल्टिमीटर दर नॅनोअँपिअरला १० मिलिव्होल्ट दाखवील. आकडा ऋण आला तर एलईडी उलटा जोडलेला आहे एवढेच. अंधारात आकडा अगदी शून्य न होता काही मिलिव्होल्टवर राहील, तो चकतीचा स्वतःचा दोष. टीएल ०७१ ऐवजी घरात पडलेली ७४१ लावली तर हा दोष फार वाढतो, कारण ती स्वतःच ८० नॅनोअँपिअरच्या आसपास धारा आत ओढते आणि मल्टिमीटरवर पाऊण व्होल्टाच्या वर आकडा आधीच येऊन बसतो. विद्यार्थ्यांना दोन्ही चकत्या लावून पाहू द्याव्यात. कोणाला हौस असेल आणि १ गिगाओहमचा रोध मिळाला, तर त्याच्या अंगाला बोट लावू नये. बोटाचा ओशटपणा आणि दमट हवा मिळून रोधाला समांतर दुसरी वाट तयार करतात. कोकणातल्या शाळांनी हा भाग पावसाळ्यात न करता डिसेंबरात करावा.